मांडीवरचे हात

कंट्रोलरने खेळणाऱ्या पोरांचा विनीतला मनस्वी राग होता, आणि तो राग तो लपवतही नसे. गिरगावात फणसवाडीतल्या त्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून त्याने इंटरनेटवरून किती जणांशी भांडणं उकरून काढली असतील याची गणतीच नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. माउस ही प्रामाणिक वस्तू आहे. आपला हात जेवढा हलेल तेवढीच गेममधली नजर हलणार, नेम चुकला तर चूक आपली. आणि कंट्रोलरचं, त्या दोन्ही हातांत धरायच्या बटणांच्या डबीचं काय? सोफ्यावर लोळायचं, दोन अंगठे फिरवायचे, आणि निशाणा समोरच्या माणसाच्या आसपास नुसता पोचला की गेम स्वतःच बंदूक त्याच्याकडे ओढून नेणार. त्याला एम असिस्ट म्हणतात. विनीत त्याला पांगुळगाडा म्हणायचा. ज्यांना चालता येत नाही त्यांनी खुशाल पांगुळगाडा घ्यावा, पण मग शर्यतीत कशाला उतरता रे, असं तो लिहायचा, आणि वर हसणारं तोंड चिकटवायचा.

डिलाईल रोडचा स्वप्नील हा त्याचा एकमेव जवळचा मित्र, आणि तो नेमका कंट्रोलरवाला. दोघांची वर्षानुवर्षं यावरून जुंपायची. स्वप्नीलचं म्हणणं, तुझ्या कीबोर्डवर चालायला चार बटणं, म्हणजे आठच दिशा. माझा माणूस हव्या त्या कोनात वळतो, हवा तेवढा हळू चालतो. लांबून टिपायचं असेल तर माउस बरा, हे तो मान्य करायचा. पण एकदा खोलीत शिरून समोरासमोर गाठ पडली की माउसवाल्याचं काही खरं नाही. विनीत म्हणायचा, तुला शिरू कोण देतंय?

तर असा हा मानी मुलगा. वय चोवीस, बी.कॉम. होऊन दोन वर्षं झालेली, आणि हाताला काम नाही. पण खेळात हुशार होता, यात शंका नाही. तो ज्या पद्धतीने खेळायचा तिला जागा लागते. मनगट नाही, अख्खा हात कोपरापासून फिरवायचा, इकडून तिकडे, म्हणून माउसखाली दोन फूट रुंद पॅड. आणि बारा बाय दहाच्या खोलीत दोन फूट म्हणजे काय हे चाळीत राहिलेल्याला सांगायला नको.

ती जागा त्याला मिळाली होती ती बाबांच्या टेबलामुळे. बाबा, म्हणजे चिंतामणी, मुगभाटातल्या एका प्रेसमध्ये मशीनमन होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, तीस-बत्तीस वर्षं छापत राहिले. प्रेस बंद झाला तेव्हा मालकाने एकेकाला विचारलं, आठवण म्हणून काय नेता? कोणी भिंतीवरचं घड्याळ नेलं, कोणी पितळी कुलूप. बाबांनी कागद रचायचं सागवानी टेबल मागितलं. ते दारातून आत येईना, तेव्हा सुतार आणून दाराची चौकट काढली आणि टेबल आत घेऊन पुन्हा बसवली. आई आठ दिवस बोलली नव्हती त्यांच्याशी. मग त्या टेबलावर विनीतचा कॉम्प्युटर आला आणि टेबलाखाली विनीतचं अंथरूण.

त्याचा कीबोर्ड भलता आवाजी होता. प्रत्येक बटण दाबताना खट्ट, सोडताना पुन्हा खट्ट. शेजारच्यांनी भिंत ठोकली, आईने हात जोडले. बाबांची मात्र कधी तक्रार नव्हती. दुपारी जेवून ते टेबलाशेजारी चटई टाकायचे आणि त्या खडखडाटात डाराडूर झोपायचे. उठले की विचारायचे, "आज किती?" विनीत सांगायचा, चौदा, किंवा वीस. ही मारलेल्या माणसांची संख्या आहे हे कळलं तेव्हा बाबा 'अरे देवा' म्हणून खूप हसले, पण विचारायचं काही सोडलं नाही. पाहुण्यांना ते सांगायचे, पोरगा कॉम्प्युटरवर काम करतो. विनीतला ते ऐकून ओशाळायला व्हायचं.

डिसेंबरात एका सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून ब्रश गळून पडला. ते वाकून उचलायला गेले ते उठलेच नाहीत. वीस दिवस इस्पितळात काढून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि बोलणंही गेलं होतं. समजत होतं सगळं, किंवा समजत असावं, असं डॉक्टर म्हणाले. शांतता ठेवा, झोप होऊ द्या, गोंगाट नको. बाजूला कठडे असलेली लोखंडी कॉट भाड्याने आणा.

कॉट साडेसहा फुटांची. खोलीत एक तर ती राहणार नाही तर टेबल. आईने विचारायच्या आधी विनीतच म्हणाला, काढू या टेबल. ह्या वेळी चौकट काढायला कोणाला सवड होती? सुताराने करवतीने मधोमध दोन तुकडे केले आणि जिन्यावरून खाली नेले. बाबा तेव्हा इस्पितळातच होते. घरी आले, कॉटवर निजवले, तेव्हा त्यांची नजर खोलीभर काहीतरी शोधत फिरली आणि मग छताला लागली.

आता यात विनीतचं काय अडलं होतं, तेही सांगायला हवं. लोअर परळला एका कंपनीने ह्या गेमची पगारी टीम काढायचं ठरवलं होतं. तिघांची टीम, दरमहा पगार, सरावाला थंडगार खोली. स्वप्नीलला आधीच घेतलेलं, आणि त्याने विनीतचं नाव पुढे केलं होतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन ते सहा, घरूनच ऑनलाइन खेळून दाखवायचं आणि त्यावर निवड. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याला पगार देऊ करत होतं, तेही त्याला येत असलेल्या एकुलत्या एका गोष्टीसाठी. आणि हातात टेबल नाही, आवाज करायची सोय नाही.

स्वप्नील घरी आला, बाबांच्या पायाशी दोन मिनिटं उभा राहिला आणि जाताना पिशवीतून आपला जुना कंट्रोलर काढून ठेवून गेला. एक शब्द टोमण्याचा बोलला नाही. उलट त्याने चिडवलं असतं तर बरं झालं असतं, असं विनीतला वाटलं.

मॉनिटर त्याने कॉटच्या पायथ्याशी भिंतीवर ठोकला, कॉम्प्युटरचा डबा फ्रीजवर ठेवला आणि खाली फरशीवर भिंतीला टेकून बसला. पहिले आठ दिवस नुसती फजिती. गोळी मारायची माणसाला आणि लागायची झाडाला. ज्या हाताला कोपरापासून फिरायची सवय, त्याचं सगळं काम एका अंगठ्यावर आलं होतं. विनीत दात-ओठ खाऊन खेळत राहिला. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्यांना वळण लागलं. जवळच्या मारामारीत निशाणा माणसाला असा धरून ठेवायचा की त्याला स्वतःलाच लाज वाटायची. लांबचा नेम पहिल्यासारखा नव्हता, पण लांबून टिपायला टीममध्ये दुसरा होता. त्यांना खोलीत शिरणारा हवा होता, आणि विनीत आता बेधडक शिरत होता. ज्या पांगुळगाड्याला उभा जन्म नावं ठेवली, त्यानेच त्याला पुढे आणलं.

आणि आवाज शून्य. कानाला हेडफोन, मांडीवर कंट्रोलर, हलतात ते फक्त अंगठे. आई त्याच्या केसांतून हात फिरवून म्हणाली, किती शहाणा झालास रे. तिला वाटलं पोराने वडिलांसाठी खेळणं कमी केलं.

ठोके सुरू झाले ते जानेवारीच्या शेवटी.

बाबांच्या डाव्या मनगटात तांब्याचं कडं होतं, सांधेदुखीवर कोणीतरी सांगितलेलं. एका दुपारी त्यांनी ते कॉटच्या कठड्यावर आपटलं. टण, टण, टण. आई धावली. पाणी हवंय? भांडं देऊ? कूस बदलू? बाबांनी मान हलवली, नाही. थोडं थांबून पुन्हा तीन. मग रोजचंच झालं. आईने पंखा वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, पोट चेपलं, पाय चोळले. कुठेतरी दुखत असणार आणि आपल्याला कळत नाही, या विचाराने ती मोरीत तोंड धूत रडायची. डॉक्टरांनी गोळी दिली. गोळीने ते पेंगायचे, जाग आली की पुन्हा तीन ठोके.

विनीतच्या एक गोष्ट ध्यानात आली होती आणि ती त्याने आईला सांगितली नाही. ठोके पडायचे ते तो खेळायला बसला की. सकाळी तो बाजारात गेला, औषधं आणायला गेला, तर कडं गप्प. येऊन भिंतीला टेकला, मॉनिटर लावला, की पाच-दहा मिनिटांत टण, टण, टण. मान वळवून बघावं तर बाबा त्याच्याकडेच टक लावून बघत असायचे. मग त्याच्या मांडीकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

त्याने त्याचा अर्थ लावला. बाप अंथरुणाला खिळला आणि चोवीस वर्षांचा घोडा खेळत बसलाय, हेच त्यांना सांगायचं असणार. एवढी वर्षं 'आज किती' म्हणून विचारणारे हेच बाबा, आता त्यांना खुपायला लागलं. विनीतला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. मी हे मजा म्हणून करतोय का? पगार आणायला निघालोय, कोणासाठी? बोलून उपयोग नव्हता, आजारी माणसाशी काय भांडणार. त्याने मांडीवर टॉवेल घ्यायला सुरुवात केली आणि कंट्रोलर त्याखाली धरला. निदान दिसायला तरी नको. ठोके कमी झाले नाहीत. वाढलेच.

मार्चचा दुसरा रविवार आला. आईच्या भावाकडे परळला नात झाली होती आणि बाबा घरी आल्यापासून आई चाळीच्या बाहेर पडली नव्हती. विनीतनेच तिला आग्रह केला. जा, बाळ बघून ये, दोन माणसांशी बोल, मी आहे ना. ती दहादा सूचना देऊन अडीचला निघाली. बाबांना त्याने पाणी पाजलं, कूस बदलली, गोळी दिली, आणि तीनला हेडफोन चढवले.

पहिला सामना बरा चालला होता, एवढ्यात ठोके सुरू झाले. ह्या वेळी माइक चालू होता. टीमचा कोच मध्येच म्हणाला, कोणाकडे घंटा वाजतेय? विनीत म्हणाला, चाळीत काम काढलंय सर. स्वप्नीलने ते खपू दिलं. त्याला ठाऊक होतं चाळीत रविवारी कसलं काम नसतं. टण, टण, टण. माइक बंद करावा तर साथीदारांना सांगायचं कसं, चालू ठेवावा तर हे. सामना हरले. कोच म्हणाला, पुढच्या वेळी आवाज आला तर तुला सोडून दुसऱ्याला बघू, नाइलाज आहे. पाच मिनिटांची विश्रांती.

विनीत उठून कॉटपाशी गेला. कडं काढायला बघितलं, पण सुजलेल्या हातातून ते निघेना. इस्पितळात बाबा नळी उपटायचे तेव्हा नर्सने त्यांचा हात पट्टीने कठड्याला बांधला होता, हे त्याने पाहिलेलं होतं. त्यात विशेष काही नाही, सगळीकडे करतात, असं त्याने मनाशी म्हटलं. आईच्या जुनेराची एक मऊ पट्टी कपाटातून काढली. तो वाकला तेव्हा बाबांनी हात आपणहून पुढे केला. त्यांना वाटलं असावं, हा हात धरायला आलाय. विनीतने पट्टीचे दोन वेढे दिले, रुतू नये म्हणून बोट घालून बघितलं आणि गाठ मारली.

"बाबा, सहापर्यंतच," तो म्हणाला. "माझ्यासाठी. प्लीज."

बाबांनी हात एकदा ओढून पाहिला. मग ओढला नाही.

त्यानंतर विनीत जसा खेळला तसा तो कधीच खेळला नव्हता. चारपैकी तीन सामने काढले. शेवटच्या सामन्यात तो एकटा उरलेला, समोर तिघं एका खोलीत, आणि हा दारातून सरळ आत. तीन सेकंदात तिघंही आडवे. हेडफोनमध्ये स्वप्नील ओरडत होता. कोच म्हणाला, असा कंट्रोलरचा हात आम्ही शोधतच होतो, एक तारखेपासून ये. विनीत गॅलरीत जाऊन अर्धा तास फोनवर बोलत उभा राहिला. साडेसहाला जिन्यावर आईच्या चपला वाजल्या तेव्हा त्याला आठवलं. तो धावत आत गेला आणि गाठ सोडली. मनगटावर कड्याचा लाल वळ होता, तो त्याने चोळला. बाबा जागे होते. बंद मॉनिटरकडे बघत होते.

आईने बातमी ऐकली, देवापुढे साखर ठेवली, चिमूटभर बाबांच्या ओठांना लावली. विनीतची निवड झाली हो, तिने त्यांच्या कानाशी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

त्या दिवसानंतर कडं वाजलं नाही. एकदाही नाही. आई म्हणाली, देवाने ऐकलं, दुखणं थांबलं. विनीत पुढे आठवडाभर रोज मुद्दाम त्यांच्यासमोर खेळायला बसला, टॉवेल न घेता. ते बघायचेच नाहीत. मार्च संपायला आला आणि एका पहाटे आई चहा घेऊन गेली तेव्हा बाबा गार पडलेले होते.

तेरावं झालं, पाहुणे गेले, भाड्याची कॉट परत गेली. कंपनीने विनीतला पंधरा दिवस सवलत दिली होती. त्या दिवसांत एका दुपारी हेमचंद्रकाका आले. प्रेसमध्ये बाबांच्या शेजारच्या मशीनवर त्यांची उभी हयात गेली. आता गुहागरला मुलाकडे असायचे, म्हणून उशीर झाला. आईने पाणी दिलं. ते भिंतीला टेकून बसले आणि खोलीकडे बघत राहिले. टेबल कुठे गेलं, त्यांनी विचारलं. आईने सांगितलं. मग ती आजारपणाचं सगळं पहिल्यापासून सांगत बसली, जसं येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, ब्रश पडला तिथपासून.

ठोक्यांपाशी आली तेव्हा हेमचंद्रकाकांनी तिला थांबवलं.

"किती ठोके, वहिनी?"

"तीन. मग थांबायचे. मग परत तीन."

काकांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग हळूहळू सांगू लागले. प्रेसमध्ये पाच मशीनं एकदम चालायची, तिथे बोललेलं कोणाला ऐकू जायचं नाही. म्हणून सगळं पान्याने चालायचं. मशीनच्या लोखंडावर पाना एकदा हाणला म्हणजे थांबव, दोनदा म्हणजे शाई बघ. एखाद्याचं मशीन थांबलं, कागद संपला, डुलकी लागली, घरचं काही आठवून माणूस मांडीवर हात ठेवून बसून राहिला, की चिंतामणी आपल्या जागेवरून तीनदा वाजवायचा.

"तीन म्हणजे चालू कर," काका म्हणाले. "रागावून नाही हां, वहिनी. आयुष्यात तो कोणावर रागावला नाही. माझी धाकटी पोर गेली ना, तेव्हा मी कामावर येऊन नुसता बसून असायचो. तेव्हा दिवसभर वाजवायचा. चालू कर, चालू कर."

विनीतने आपल्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवरच होते. अडीच महिने ते तिथेच होते, एकदा कंट्रोलरवर आणि एकदा टॉवेलखाली, आणि बाबांना दिसत होता तो मशीन थांबवून भिंतीला टेकलेला आपला मुलगा. अंगठे हलतात हे त्यांना काय दिसणार? भिंतीवरच्या पडद्यावर हलतं ते त्यांना टीव्हीच वाटत असणार. वर्षानुवर्षं ज्याच्या खडखडाटात झोपले तो आवाज बंद, टेबल गायब, आणि पोरगा मांडीवर हात ठेवून बसलेला. म्हणून ते सांगत होते.  त्याने मान वर केली नाही.

आईचा चेहरा मात्र निवळला होता. "म्हणजे दुखत नव्हतं ह्यांना," ती म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले आणि तेच पुन्हा म्हणाली. इतके दिवस तिच्या छातीवर असलेला धोंडा उतरलेला दिसत होता. मग तिला आठवलं. "पण शेवटचे दिवस वाजवलंच नाही हो भावोजी. एकदम बंद केलं. ते का?"

"वाटलं असेल त्याला, झालं चालू," काका म्हणाले.

"असेल, असेल. त्याच रविवारी ह्याची निवड झाली. मी सांगितलं ना त्यांच्या कानात." आई विनीतकडे वळून हसली, किती तरी दिवसांनी. "बघ, कळलं त्यांना."

विनीतने तोंड उघडलं. जुनेराची ती पट्टी अजून कपाटात होती, त्याने घडी करून ठेवली होती, त्याच्याने फेकवली नव्हती. सांगून टाकावं असं त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता, काकांच्या देखत. पण आईच्या तोंडावरचं ते हसू बघून त्याने उघडलेलं तोंड मिटलं. सांगून त्याचं ओझं हलकं झालं असतं आणि तिचं परत जड.

"तुझा तो खटखट्या आहे ना रे अजून?" आईने विचारलं. "काढ. वाजव जरा. ऐकू दे त्यांना, कुठे असतील तिथे."

पोटमाळ्यावरून त्याने कीबोर्ड काढला, माउस काढला, गुंडाळी करून ठेवलेलं पॅड काढलं. वायरी जोडल्या. टेबल नव्हतं, कॉट नव्हती. खोलीच्या मधोमध फरशीवर त्याने सगळं मांडलं आणि मांडी घालून बसला. माउस फिरवायला आता हवी तेवढी जागा होती, चारी बाजूंनी. तो हात कोपरापासून फिरवू लागला, डाव्या बोटांखाली बटणं खडखडायला लागली आणि चार महिन्यांनी ती खोली त्या आवाजाने भरली. हात अडखळत होते. नेम लागत नव्हता, पहिल्याच मिनिटाला मेला, दुसऱ्यांदा मेला. त्याने खेळ थांबवला नाही.

हेमचंद्रकाका थोडा वेळ ऐकत बसले, मग उठले. आईला जाग येईल म्हणून त्यांनी निरोपही हातानेच घेतला, कारण आईचा डोळा लागला होता. बाबा जिथे चटई टाकायचे तिथेच भिंतीला डोकं टेकून ती झोपली होती, तोंड किंचित उघडं. डिसेंबरापासून ती अशी भरदुपारी झोपली नव्हती.

विनीत खेळत राहिला. मग एका सामन्याच्या मध्येच त्याने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. गेममध्ये त्याचा माणूस उघड्यावर उभा होता. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. तो तसाच बसून राहिला, वाट बघत. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती. कुठूनही काही वाजलं नाही.

"आई, मी त्यांचा हात बांधला होता," तो अगदी हळू म्हणाला.

आई दचकून जागी झाली. आवाज थांबला म्हणून जागी झाली. तिने झोपाळल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं.

"का रे थांबलास?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा चालू केलं.